जहाजावरचा तलाव : प्रौढांसाठी वेगळी जागा असावी का?

कामठी, (प्रतिनिधी) : कन्हान नदीच्या काठी वसलेल्या कामठीपासून अरबी समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे. तरीही समुद्रपर्यटन हा शब्द विदर्भातील कुटुंबांना आता अपरिचित राहिलेला नाही. विदर्भ एक्स्प्रेसने किंवा नागपूरहून विमानाने मुंबई गाठायची आणि तेथून दोन-तीन रात्रींच्या सफरीसाठी जहाजात बसायचे, असा बेत उन्हाळी व दिवाळीच्या सुट्ट्यांमध्ये आखला जातो. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर एकत्र निघते. जहाजावर पोहोचताच मुले सर्वप्रथम चौकशी करतात ती पोहण्याच्या तलावाची. याच तलावाभोवती जगभरातील पर्यटन व्यवसायात एक जुना वाद घुटमळत आहे. जहाजावरील तलावाचा काही भाग केवळ प्रौढांसाठी राखून ठेवावा काय?

'केवळ प्रौढांसाठी' हे शब्द वाचताच आपल्याकडे चित्रपटाच्या प्रमाणपत्राची आठवण होते. जहाजावर मात्र त्यांचा अर्थ साधा आहे. लहान मुलांचा गलबला नसलेला, निवांत पडून राहता येईल असा तलावाचा परिसर, एवढेच त्यातून अभिप्रेत असते.

मुंबईचा अनुभव

मुंबई बंदरातून नियमित पर्यटन जहाजे सुटण्यास खऱ्या अर्थाने सुरुवात झाली ती २००५ च्या सुमारास, स्टार क्रूझेस कंपनीच्या 'सुपरस्टार लिब्रा' या जहाजामुळे. पुढे इटलीच्या कोस्टा कंपनीचे जहाज २०१६ च्या अखेरीपासून मुंबईहून मालदीवच्या दिशेने जाऊ लागले. २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' आली. २०१९ मध्ये 'कर्णिका' दाखल झाली. मात्र करोनाच्या साथीत २०२० मध्ये तिची कंपनी बंद पडली. सप्टेंबर २०२१ पासून कॉर्डेलिया कंपनीचे 'एम्प्रेस' हे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची या दिशांना फेऱ्या करू लागले. १९९० मध्ये बांधलेल्या या जहाजाची क्षमता सुमारे १८०० प्रवाशांची आहे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये 'क्रूझ भारत मिशन' जाहीर करून २०२९ पर्यंत समुद्रपर्यटकांची संख्या दुप्पट करण्याचे उद्दिष्ट ठेवले. सप्टेंबर २०२५ मध्ये मुंबईच्या नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचे उद्घाटन झाले. प्रवासी वाढणार म्हणजे तलावावरील गर्दीही वाढणार, हे उघड आहे.

तलाव लहान का असतो?

जहाजावरील तलाव छायाचित्रात ऐसपैस दिसतो. प्रत्यक्षात तो बराच आटोपशीर असतो. त्याचे कारण पाण्याच्या वजनात आहे. एक घनमीटर पाणी म्हणजे साधारण एक टन. दहा मीटर लांब, पाच मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलाव भरला, की सुमारे ७५ टनांचा भार जहाजाच्या अगदी वरच्या मजल्यावर येतो. शिवाय हे पाणी स्थिर राहत नाही. जहाज एका बाजूस कलले की पाणीही त्याच बाजूस धावते आणि झुकाव वाढवते. म्हणूनच तलावाचा आकार मर्यादित ठेवावा लागतो आणि समुद्र खवळला की तो रिकामा करतात किंवा त्यावर जाळी टाकतात.

साहजिकच हजार-दीड हजार प्रवाशांमागे एखाद-दुसराच तलाव असतो. जमिनीवर जागा कमी पडली तर शेजारी दुसरा तलाव खोदता येतो. जहाजावर तशी सोय नाही. एका गटासाठी जागा राखून ठेवणे म्हणजे दुसऱ्या गटाच्या वाट्याची जागा कमी करणे होय. या वादाचे मूळ येथेच आहे.

परदेशी कंपन्यांची पद्धत

यावर विविध कंपन्यांनी विविध मार्ग काढले आहेत. डिस्ने ही मुलांसाठी प्रसिद्ध असलेली कंपनी; पण १९९८ मध्ये समुद्रात उतरलेल्या तिच्या पहिल्याच जहाजावर मुलांचा, कुटुंबांचा आणि प्रौढांचा असे तीन स्वतंत्र तलाव होते. मुलांची गर्दी जेथे सर्वाधिक, तेथे प्रौढांच्या निवांत कोपऱ्याची गरजही अधिक, हे या कंपनीने आरंभीच ओळखले. रॉयल कॅरिबियनच्या बहुतांश जहाजांवरील 'सोलॅरियम' हा भाग १६ वर्षांवरील प्रवाशांसाठी असतो. कार्निव्हल कंपनीच्या 'सेरेनिटी' विभागात २१ वर्षांखालील व्यक्तीस प्रवेश नाही. मात्र तेथे वेगळे शुल्क पडत नाही. प्रिन्सेस कंपनीच्या 'सँक्च्युअरी'साठी १८ वर्षांची अट असून तेथे बसण्याचे पैसे निराळे मोजावे लागतात.

काही कंपन्यांनी याहून पुढचे पाऊल टाकले. ब्रिटनच्या पी अँड ओ कंपनीची 'आर्केडिया' आणि 'अरोरा' ही संपूर्ण जहाजेच प्रौढांसाठी आहेत. २०२१ मध्ये प्रवासी सफरी सुरू करणाऱ्या व्हर्जिन व्हॉयेजेस कंपनीच्या जहाजांवर १८ वर्षांखालील कोणालाही घेतले जात नाही. याउलट जानेवारी २०२४ मध्ये पहिल्या सफरीवर निघालेल्या 'आयकॉन ऑफ द सीज' या अवाढव्य जहाजावर सात तलाव असून लहान मुलांच्या कुटुंबांसाठी स्वतंत्र वस्तीच वसविण्यात आली आहे. जहाज मोठे असेल तर वाद जागेनेच मिटतो. तो उरतो मध्यम आणि लहान जहाजांवर, आणि मुंबईहून नियमित फेऱ्या करणारी जहाजे आजवर प्रामुख्याने याच गटातील राहिली आहेत.

दोन्ही बाजू

राखीव जागेच्या बाजूने मांडला जाणारा पहिला मुद्दा विश्रांतीचा. तिकिटाचे पैसे सर्वांनी सारखेच मोजलेले असतात. ज्येष्ठ नागरिक, नवविवाहित जोडपी, आजारातून उठलेल्या व्यक्ती यांना पाण्यात शांतपणे उतरता यावे ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही. एकाच पाण्यात कोणी संथपणे पोहत आहे आणि कोणी काठावरून धाडकन उडी घेत आहे, हे दोघांनाही धोक्याचे असते.

दुसरा मुद्दा पाण्याच्या स्वच्छतेचा. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा जहाज-स्वच्छता कार्यक्रम १९७५ पासून चालू आहे. त्याच्या नियमांनुसार लंगोट वापरणाऱ्या किंवा शौचाची सवय न झालेल्या बालकांना सर्वसाधारण तलावात उतरविता येत नाही. त्यांच्यासाठी खास बनविलेली सोय असेल तरच परवानगी असते. यामागे सबळ कारण आहे. क्रिप्टोस्पोरिडियम हा अतिसार घडविणारा सूक्ष्मजीव योग्य प्रमाणात क्लोरीन घातलेल्या पाण्यातही सात दिवसांहून अधिक काळ तग धरू शकतो. बंदिस्त जहाजावर अशा रोगाचा फैलाव झपाट्याने होतो.

विरोधातील मुद्देही तितकेच वजनदार आहेत. आपल्याकडे सहल ही कुटुंबाची असते. नातवाला पाण्यात खेळताना पाहणे हाच अनेक आजोबांच्या दृष्टीने सहलीचा आनंद असतो. जहाजांवरील बालकक्षात साधारणपणे तीन वर्षांवरील मुलांनाच घेतले जाते. त्याहून लहान मूल असलेल्या आई-वडिलांना राखीव तलावाचा उपयोग एकाने मूल सांभाळले तरच होतो. बहुतेक घरांत हे सांभाळणे आईच्या वाट्याला येते, हे वेगळे सांगण्याची गरज नाही. म्हणजे कागदावर सर्व प्रौढांसाठी असलेली जागा व्यवहारात काही प्रौढांपुरतीच राहते.

खरा प्रश्न जीविताचा

या चर्चेत आरामाचा मुद्दा इतका पुढे येतो की सुरक्षिततेचा मुद्दा मागे पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे तीन लाख लोक बुडून मरण पावले. त्यांपैकी जवळपास एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. बुडणारे मूल बहुधा ओरडत नाही, हातपायही फारसे मारत नाही. ते काही क्षणांत निमूटपणे पाण्याखाली जाते. काठावर शंभर माणसे असूनही कोणाच्या लक्षात येत नाही, ते यामुळेच.

महापालिकेच्या तलावावर जीवरक्षक असणारच, असे आपण गृहीत धरतो. जहाजांवर मात्र अनेक वर्षे तशी पद्धत नव्हती. 'येथे जीवरक्षक नाही, आपल्या जबाबदारीवर पोहावे' अशी पाटी लावली की कंपनीचे काम संपत असे. जहाजांवरील तलावांत बालके दगावल्याच्या घटनांनंतर टीका वाढली. डिस्नेने २०१३ मध्ये, तर रॉयल कॅरिबियन व नॉर्वेजियन या कंपन्यांनी २०१७ मध्ये जीवरक्षक नेमण्यास सुरुवात केली. आजही सर्वच कंपन्या ते नेमतात असे नाही.

शिवाय जहाजावरील अनेक तलावांना उथळ बाजू नसते. पहिल्या पायरीनंतर थेट खोल पाणीच लागते. अशा तलावात मुलांना प्रवेश नाकारणे हा प्रौढांचा लाड नसून मुलांचे संरक्षण ठरते. पण त्याच वेळी हेही ध्यानात घ्यायला हवे, की राखीव तलावाच्या काठी बहुधा मद्याची सोय असते आणि मद्यपान करून पाण्यात उतरणे प्रौढांनाही जीवघेणे ठरते. पाटीवर वयाची अट लिहिली म्हणजे जीवरक्षकाची गरज संपली, असे मुळीच नाही.

पाटीचा इतिहास

पाण्याच्या काठावरील 'प्रवेश नाही' ही पाटी महाराष्ट्राला नवी नाही. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली झालेला सत्याग्रह हा पाण्यावरील समान हक्काचाच लढा होता. आंबेडकरी चळवळीतील एक आघाडीचे कार्यकर्ते बाबू हरदास एल. एन. हे कामठीचेच. मुंबईच्या ब्रीच कँडी जलतरण तलावात तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे युरोपीयांखेरीज इतरांना मज्जाव होता. त्यामुळे पाण्यावर कोणतीही आडकाठी दिसली की मनात शंका येणे स्वाभाविक आहे.

परंतु दोन्ही गोष्टी एका मापाने मोजता येणार नाहीत. सार्वजनिक करमणुकीच्या जागा, तसेच सरकारी खर्चाने राखलेले तलाव व स्नानघाट यांच्या वापराबाबत धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास भारतीय राज्यघटनेचे पंधरावे कलम मनाई करते. या यादीत वय नाही. उलट त्याच कलमाचा तिसरा खंड स्त्रिया व मुले यांच्यासाठी विशेष तरतूद करण्याची शासनाला मुभा देतो. जात जन्माने चिकटवली जाते आणि सुटत नाही. बालपण मात्र प्रत्येकाचे सरते. आज अडविलेले मूल उद्या त्याच तलावात हक्काने उतरणार असते. वयाची अट अन्याय्य ठरते ती तिच्या बदल्यात मुलांना काहीच दिले जात नाही तेव्हा.

तोडगा कोणता?

लहान जहाजांपुरता एक तोडगा आपल्या शहरांमधील तलावांवर अनेक वर्षांपासून रुळलेला आहे. तो म्हणजे 'बॅच'. महिलांची वेगळी वेळ, शिकाऊ मुलांची वेगळी वेळ, नियमित पोहणाऱ्यांची वेगळी वेळ, अशी विभागणी महाराष्ट्रातील सार्वजनिक जलतरण तलावांवर सर्रास आढळते. तलाव एकच, पाणी एकच. फक्त घड्याळ वाटून घेतले जाते. जहाजावरही पहाटेची व रात्रीची वेळ प्रौढांसाठी, दिवसाची वेळ कुटुंबांसाठी आणि एखादा तास केवळ महिलांसाठी ठेवता येणे अवघड नाही. पुरुषांच्या गर्दीत पाण्यात उतरण्यास संकोचणाऱ्या अनेक महिलांची त्यामुळे सोय होईल.

दोन वा अधिक तलाव असलेल्या जहाजावर प्रौढांसाठी वेगळी जागा जरूर असावी. पण तीन अटींवर. पहिली, मुलांसाठी उथळ आणि स्वतंत्र पाण्याची सोय आधी झालेली असावी. दुसरी, दोन्ही ठिकाणी प्रशिक्षित जीवरक्षक असावा. तिसरी, राखीव जागेसाठी वेगळे पैसे आकारू नयेत. अन्यथा शांतता ही केवळ ऐपतदारांची मिरास ठरेल. या अटी पाळल्या जात नसतील, तर राखीव जागेचे समर्थन करता येणार नाही.

तिकीट काढण्यापूर्वी विचारावे

प्रवाशांनी आरक्षणाच्या वेळीच पुढील बाबींची चौकशी करून घ्यावी. जहाजावर तलाव किती आणि मुलांसाठी त्यांतील कोणता? तलावाची खोली किती, उथळ बाजू आहे काय? जीवरक्षक कोणत्या वेळेत हजर असतो? लंगोट वापरणाऱ्या बालकासाठी काय सोय आहे? राखीव जागेची वयोमर्यादा १६, १८ की २१ आणि तेथे शुल्क आहे काय? मुलांच्या मापाचे जीवरक्षक जाकीट तलावाजवळ मिळते काय? तिकीट काढून देणाऱ्या एजंटकडे या प्रश्नांची उत्तरे नसल्यास ती कंपनीकडून लेखी मागवून घ्यावीत.

आणि उत्तरे कितीही समाधानकारक असली, तरी पाण्यात उतरलेल्या लहान मुलापासून एका हाताच्या अंतरावर घरातील एक मोठे माणूस असावे. कन्हानचा डोह असो वा जहाजावरचा निळा तलाव, या नियमाला अपवाद नाही.