हरण्याची तालीम

आजऱ्याचे नाव निघाले की मराठी वाचकाला शिवाजी सावंत आठवतात. 1940 मध्ये ते या गावी जन्मले. 1967 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ‘मृत्युंजय’ने कर्णाला मराठी घराघरांत नेले. कर्ण हरणार हे पहिल्या पानापासून ठाऊक असूनही आपण ती कादंबरी पुन्हा पुन्हा वाचतो. पराभवाची ही ओढ नेमकी कशाची, या प्रश्नाकडे आम्ही अलीकडे एका अनपेक्षित वाटेने वळलो. ती वाट म्हणजे अतिशय अवघड म्हणून गाजलेले व्हिडिओ गेम.

या खेळांतील अवघडपणाला इतिहास आहे. 1970 आणि 80 च्या दशकांत नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवर खेळाडू लवकर हरणे हा गल्ल्याचा हिशेब होता. खेळ घरात आल्यावर ते कारण उरले नाही आणि पुढे बहुतेक खेळ बोट धरून चालवू लागले. 2009 मध्ये हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला ‘डीमन्स सोल्स’ आला तो या प्रवाहाच्या उलट दिशेने. सोनी कंपनीलाही त्याचा भरवसा वाटला नाही. अमेरिकेत तो ॲटलस या दुसऱ्या कंपनीने काढला. त्यानंतर 2011 मध्ये ‘डार्क सोल्स’ आला आणि 2022 मधील ‘एल्डन रिंग’ने तर वर्षभरात दोन कोटी प्रतींचा टप्पा गाठला.

‘डार्क सोल्स’मध्ये मेलेला खेळाडू मागच्या शेकोटीपाशी पुन्हा उठतो. वाटेतले सामान्य शत्रूही त्याच जागी, त्याच डावांसह पुन्हा उभे असतात. मिळवलेले धन मेल्या जागी पडून राहते. तेथवर पोचले तर परत मिळते, वाटेत पुन्हा मेले तर कायमचे जाते. जमिनीवरील रक्ताच्या डागाला स्पर्श केला की तेथे दुसरा कोणी कसा मेला हे दिसते. प्रारंभी आम्हांला हा सारा छळ वाटला. पुढे कळले की प्रत्येक मरण काहीतरी सांगून जाते. ते ऐकू येऊ लागल्यावरच खेळात गोडी वाटू लागली.

कोल्हापूरकराला हे नवे वाटू नये. 1902 च्या युरोप प्रवासात रोमचे कलोसियम पाहून आलेल्या शाहू महाराजांनी उभारलेले खासबाग मैदान ही विजयाची जागा. पण पैलवान घडतो तो गंगावेश किंवा मोतीबागेसारख्या तालमीत. तेथे नवख्याला रोज माती लागते, आणि कुठे चुकले हे वस्ताद तिथल्या तिथे दाखवतो. त्या मातीत पाठ टेकण्याची लाज नसते.

कर्णाला ही सवलत नाही. शापाने ऐन वेळी विद्या आठवत नाही, रथाचे चाक रुतते आणि दुसरा डाव मिळत नाही. त्याच्या पराभवात शोकात्म भव्यता आहे, पण त्यातून त्याला स्वतःला शिकता येण्याजोगे काही उरत नाही. आमच्या परीक्षांनी विद्यार्थ्याच्या वाट्याला नेमका हाच कर्णाचा पराभव दिला आहे, फक्त भव्यता वगळून.

मियाझाकी लहानपणी आवाक्याबाहेरची इंग्रजी पुस्तके वाचत आणि न कळलेल्या जागा कल्पनेने भरून काढत, असे त्यांनी सांगितले आहे. त्यांच्या खेळांतील तुटक, अर्धवट सांगितलेल्या कथांचे मूळ या वाचनात आहे. दुर्बोधतेचा हा आनंद आपल्याकडे वर्ज्य का ठरावा? मर्ढेकरांचा ‘काही कविता’ हा संग्रह 1947 मध्ये आला तेव्हापासून दुर्बोधतेचा वाद आपण घालत आलो. वर्गात मात्र कविता वाचण्याआधीच तिचा अर्थ फळ्यावर लिहू लागलो. त्यात दयाबुद्धी होती, हे खरे. परंतु न कळण्याची, अडखळण्याची आणि परत पहिल्या ओळीपाशी येण्याची संधी त्या दयेने हिरावून घेतली.

अवघड कविता प्रथम वाचताना विद्यार्थी चितपट होणारच. त्याला पुन्हा उठता येईल अशी माती वर्गात पसरणे, एवढे वस्तादाचे काम आम्हांला जमले तरी पुरे.