एअर इंडियाची इमारत सरकारने घेतली, पण आपल्या जागा कुठे गेल्या?

दरवर्षी ६ डिसेंबरला नांदेड-लातूरहून चैत्यभूमीला जाणारे आपले अनेक तरुण परतीच्या गाडीआधी मरीन ड्राइव्हला जाऊन येतात. तिथे नरीमन पॉइंटला समुद्रासमोर एक २३ मजली पांढरी इमारत दिसते. ही एअर इंडियाची इमारत. बहुतेक जण फोटो काढतात आणि निघतात. पण या इमारतीचा इतिहास आरक्षणाच्या लढाईशी थेट जोडलेला आहे, म्हणून तो आपल्याला माहीत असला पाहिजे.

सुरुवात जमिनीपासून करू. ही जमीन समुद्रात भराव टाकून तयार झाली. ब्रिटिश सरकारने १९२० च्या दशकात बॅकबे भरावाची योजना हाती घेतली आणि त्यात जनतेचा पैसा अक्षरशः समुद्रात गेला. त्या कारभारावर खुर्शीद नरीमन यांनी जाहीर आरोप केले. त्यांचेच नाव या भागाला मिळाले. पुढे स्वातंत्र्यानंतर इथे आणखी भराव पडला आणि राज्य सरकारने भूखंड भाडेपट्ट्याने दिले. म्हणजे इमारतीखालची जमीन पहिल्यापासून सार्वजनिक आहे.

आता कंपनी. १९३२ मध्ये टाटांनी सुरू केलेली ही विमानसेवा १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण होऊन सरकारी झाली. जॉन बर्गी या अमेरिकन वास्तुरचनाकाराने आराखडा केलेली ही इमारत १९७४ मध्ये पूर्ण झाली. ती उभी राहत होती त्याच काळात, १९७२ च्या दुष्काळात, मराठवाड्यातली आपली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. एकाच राज्यातली ही दोन चित्रे.

तरीही ही इमारत आपल्यासाठी परकी नव्हती. कारण कंपनी सरकारी होती, आणि जिथे सरकार मालक तिथे राज्यघटना लागू. बाबासाहेबांनी १९४७ मध्ये ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये पायाभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, अशी मांडणी केली ती उगाच नाही. मालक खाजगी असेल तर दुबळ्याचा हक्क मालकाच्या मर्जीवर जगतो, हे त्यांनी ओळखले होते. सरकारी कंपनीत अनुसूचित जातींना १५ टक्के, जमातींना ७.५ टक्के आणि १९९३ पासून ओबीसींना २७ टक्के आरक्षण लागू झाले. या जागा नेहमी प्रामाणिकपणे भरल्या गेल्या का? नाही. अनुशेष राहिला, ‘योग्य उमेदवार नाही’ हा शेरा सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण बिंदुनामावली होती, म्हणून जाब विचारता येत होता.

१२ मार्च १९९३ च्या बॉम्बस्फोटांत या इमारतीलाही हादरा बसला, माणसे मेली. इमारत टिकली. २०१३ मध्ये मुख्यालय दिल्लीला गेले, मजले भाड्याने दिले गेले. जानेवारी २०२२ मध्ये विमान कंपनी पुन्हा टाटांकडे गेली. व्यवहार १८,००० कोटींचा. त्यातले १५,३०० कोटी म्हणजे टाटांनी स्वीकारलेले कर्ज, आणि रोख फक्त २,७०० कोटी. सुमारे ४६ हजार कोटींचे उरलेले कर्ज सरकारी कंपनीच्या माथी राहिले. इमारत या विक्रीत नव्हती. नोव्हेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्र मंत्रिमंडळाने ती १,६०१ कोटींना घ्यायचे ठरवले आणि मार्च २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. वर राज्याने सुमारे २९८ कोटींची थकबाकीही सोडली.

‘तोट्यातली कंपनी विकली, बिघडले काय?’ असे आपलेच काही शिकलेले मित्र विचारतात. त्यांनी मे २०२४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल पाहावा. खाजगी झाल्यावर एअर इंडिया ही घटनेच्या अर्थाने ‘राज्य’ राहत नाही, तिच्याविरुद्ध रिट चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. म्हणजे आरक्षण रद्द करायला घटनादुरुस्ती लागत नाही. कंपनी विकली की पुरे. ना मोर्चा, ना चर्चा.

हे मुंबईपुरते आहे असे समजू नका. २००९ मध्ये नांदेड आणि लातूरचे विमानतळही दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने खाजगी कंपनीकडे गेले. सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने नऊ संस्थांमार्फत कंत्राटी भरतीचा शासन निर्णय काढला. तरुण रस्त्यावर उतरले, तेव्हा ऑक्टोबरमध्ये तो रद्द झाला. आणि पुढच्याच महिन्यात याच सरकारने कार्यालयांसाठी ही इमारत घ्यायचे ठरवले!

सार्वजनिक इमारत सरकारकडे आली, याला आमचा विरोध नाही. प्रश्न एवढाच आहे की त्या २३ मजल्यांवरच्या खुर्च्यांत कोण बसणार? कायम पदावरचा, बिंदुनामावलीतून आलेला कर्मचारी, की ठेकेदाराचा माणूस? भिंती सरकारी आणि माणसे कंत्राटी असतील, तर ती इमारत आपली कशी?

म्हणून लातूर-नांदेडच्या अभ्यासिकांत स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रत्येक तरुणाने अभ्यासासोबत एक काम करावे. आपल्या जिल्ह्यातल्या एका तरी कार्यालयाची बिंदुनामावली आणि रिक्त पदांची संख्या माहितीच्या अधिकारात मागवावी. अर्जाला दहा रुपये लागतात. जाब विचारण्याची सोय अजून शिल्लक आहे तोवर ती वापरा.

जय भीम! जय संविधान!