१७. लिटमसची पट्टी
लिटमस हा रोसेला वंशाच्या शैवाकांपासून काढलेला रंग. गोड्या मसाल्यातले दगडफूल हेही शैवाकच. आम्लात लिटमसची निळी पट्टी तांबडी होते, आम्लारीत तांबडी निळी. रॉबर्ट बॉइलने १६६४ मध्ये असाच रंगपालट व्हायोलेट फुलांच्या पाकात नोंदवला. आम्लारीने तो पाक हिरवा होई.

पट्टी द्रवाचे कूळ सांगते, नाव नाही. म्हणून शाळेतले गुरुजी पुढे बेरियम क्लोराइडचे थेंब टाकतात : पांढरा साका बसला आणि विरल हायड्रोक्लोरिक आम्लातही विरघळला नाही, तर ते सल्फ्युरिक आम्ल (म्हणजेच ‘गंधकाम्ल’). हायड्रोक्लोरिकसाठी सिल्व्हर नायट्रेट लागते, आणि ते महाग. शाळेत मोजून मिळे.

हळदीची पट्टी आम्लारीत लालसर तपकिरी होते, आम्लात मात्र पिवळीच राहते.