पंगत, मेल-सर्व्हर आणि दोन जीबी रॅम

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं बरं वाटतं त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून काढलाय. मधला खोकला आणि गल्लीतल्या भोंग्याचा आवाज तेवढा गाळलाय.

आजचा इतिहास पारोळ्यापासून सुरू होतो. पारोळा म्हटलं की लोकांना भुईकोट किल्ला आठवतो, पण आज आपण किल्ल्याकडे जाणार नाही. माझ्या मामांचा तिथे सरकी-ढेपेचा व्यापार आहे. दुकानाच्या नावाचा ईमेल, दहा-बारा खाती, आणि त्यासाठी भाड्याने घेतलेला छोटा सर्व्हर, दोन जीबी रॅमचा. तो मीच बसवून दिलेला. म्हणजे पुढे जे काही बिघडलं त्याचा धनीही मीच. (तेलाच्या धंद्याचं कॉम्प्युटरशी नातं खानदेशाला नवीन नाही म्हणा. विप्रो सुरू झाली ती १९४५ साली, शेजारच्या अमळनेरला, वनस्पती तुपाच्या कारखान्यातून.)

२०२१ ची दिवाळी झालेली, हंगाम सुरू. सकाळी फोन आला, "भाचा, मेल बंद पडी गया." सुरतेच्या एका पार्टीला आदल्या संध्याकाळपर्यंत ढेपेचा दर हवा होता. मामांनी मेल वेळेत पाठवला होता, पण तो सर्व्हरमध्येच अडकून पडला. सौदा दुसऱ्याकडे गेला. मी सर्व्हर रीस्टार्ट केला, मेल धावायला लागले, आणि मी "झालं काम" म्हणून मोकळा झालो. चौथ्या दिवशी परत तेच.

आता इथे एक गोष्ट बघा. मामांचा मेल उशिरा गेला, पण हरवला नाही. असं का, हे कळायला थोडं मागं जावं लागतं. १९८६ साली आपल्याकडे अर्नेट नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात आयआयटी होत्या, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था होती, आणि मुंबईची एनसीएसटी, जिचे प्रमुख होते श्रीनिवासन रमणी. एनसीएसटी आणि आयआयटी मुंबई यांच्यात त्या सुमारास मेल जायचे ते साध्या टेलिफोन लाइनवरून, मोडेमने. लाइन कायम जोडलेली नसायची. फोन लागेपर्यंत मेल डिस्कवर थांबायचा, लागला की पुढे जायचा. आपल्या पोस्टाच्या थैलीसारखंच. ही रांगेत थांबण्याची सवय ईमेलच्या हाडात आहे. १९८९ च्या इंटरनेटच्या नियमपत्रात तर स्पष्ट म्हटलंय की पोचला नाही म्हणून मेल लगेच सोडून देऊ नका, निदान चार-पाच दिवस प्रयत्न करत राहा. मामांच्या सर्व्हरवर पोस्टफिक्स होतं, तेही मुळात पाच दिवस थांबतं.

म्हणजे रांग शाबूत होती. मेला होता तो रांगेच्या पुढचा माणूस. कर्नलची नोंद उघडली तर तिथे सरळ लिहिलेलं: आउट ऑफ मेमरी, अमुक प्रोसेस मारली. ही ओळ मी पहिल्याच दिवशी बघायला हवी होती. रीस्टार्टने दुखणं जात नाही, फक्त कुठे दुखतंय ते विसरायला होतं.

मारणारा कोण? लिनक्सची रीत आपल्या वरण-बट्टीच्या पंगतीसारखी आहे. आमंत्रण पाचशेंना, स्वयंपाक तीनशेंचा, कारण सगळे काही एकदम येत नाहीत. प्रोग्रामने मेमरी मागितली की लिनक्स बहुधा "हो" म्हणतं, खरी द्यायची वेळ नंतर. पण कधीतरी सगळेच पाटावर येऊन बसतात. अशा वेळी कोणाला उठवायचं हे ठरवणारा तुकडा रिक व्हॅन रील यांनी १९९८ ते २००० च्या दरम्यान लिहिला. तो साधारणपणे सगळ्यात जास्त खाणाऱ्याला उठवतो. आमच्याकडे सगळ्यात जास्त खाणारा होता व्हायरस तपासणारा क्लॅमएव्ही. तपासणी बंद, म्हणून आलेला-जाणारा प्रत्येक मेल रांगेत खोळंबलेला.

मेमरीच्या अंदाजावरून हुशार माणसंही कशी फसतात, याची मेलच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट क्यूमेलची. डॅनियल बर्नस्टाइन हे गणिती. सेंडमेलच्या सुरक्षेच्या भोकांना कंटाळून त्यांनी स्वतःचा मेल-सर्व्हर लिहिला. १९९७ साली त्यात भोक दाखवणाऱ्याला ५०० डॉलरचं बक्षीस लावलं. २००५ मध्ये जॉर्जी गुनिन्स्की या बल्गेरियन संशोधकाने दाखवलं की ६४-बिट मशीनवर भरपूर मेमरी मिळाली तर क्यूमेलची आकडेमोड फुटते. बर्नस्टाइन यांचं म्हणणं असं, की एकेका प्रोसेसला गीगाबाइटच्या हिशोबात मेमरी कोण देतं? बक्षीस दिलं नाही. आणि मग २०२०! क्वालिस कंपनीच्या लोकांनी दाखवलं की तोच दोष क्यूमेलच्या दुसऱ्या एका भागातही आहे, आणि त्या भागाच्या मेमरीवर मुळात मर्यादाच घातलेली नाही. पंधरा वर्षं जुना दोष बाहेरून वापरता आला. माझं मत विचाराल तर २००५ चं उत्तर त्या काळच्या मशीनसाठी चूक नव्हतं. पण "कोण एवढी मेमरी देणार" हे मनात धरलं होतं, आणि मर्यादा मात्र यंत्रात घातली नव्हती.

मीही तेच केलं होतं. क्लॅमएव्ही व्हायरसच्या खुणांची अख्खी यादी मेमरीत ठेवतो, आणि ती यादी तेव्हा एक जीबीच्या वर गेली होती. त्यात सप्टेंबर २०२० च्या ०.१०३ आवृत्तीपासून तो नवी यादी आली की जुनी चालू ठेवूनच नवी भरतो, म्हणजे तपासणी थांबू नये. सोय चांगली, पण तेवढा वेळ मेमरी दुप्पट लागते. दोन जीबीत दोन याद्या कशा मावणार? नोंदीतल्या वेळा लावून पाहिल्या, तर सर्व्हर पडायची वेळ आणि यादी बदलायची वेळ एकच.

उपाय फार मोठा नव्हता. दोन याद्या एकदम भरणं बंद केलं; त्याने यादी बदलताना मेल थोडा थांबतो, तेवढं चालतं. दोन जीबी स्वॅप दिला. तपासणीचे कामगार कमी केले. आणि हो, फ्री कमांडमध्ये "फ्री"चा आकडा कमी दिसला म्हणून घाबरू नका. लिनक्स रिकामी मेमरी फायलींच्या साठ्याला वापरतं आणि लागली की परत देतं. "अव्हेलेबल"चा रकाना बघा.

त्यानंतर सर्व्हर मेमरीमुळे पडला नाही. सुरतेची पार्टी पुढच्या हंगामात मामांकडे परत आली. दर त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर मागवला.