एका अरुंद गळ्याचा इतिहास

पावसाळा सरून किनाऱ्यावर शाकारलेल्या होड्या पुन्हा पाण्यात उतरल्या, त्या आठवड्यातील गोष्ट. खाडीपलीकडच्या वाडीतून निरोप आला की एक वृद्ध माउली अत्यवस्थ असून तिला कुमसार करावयाचा आहे. रस्त्याने वळसा मोठा, म्हणून आम्ही पवित्र तेल व ख्रिस्तशरीर घेऊन आमच्या धर्मग्रामातील एका वयस्क नाखव्याच्या होडीत बसलो. होडीला मागच्या फळीवर अडकवलेले जुने आऊटबोर्ड इंजिन होते. किनाऱ्यावर ते सुरू झाले. खाडीच्या मध्यावर मात्र दोनदा खोकले आणि गप्प झाले. नाखव्याने तीसेक वेळा तरी दोरी ओढली. चोक ओढला की ते क्षणभर धडधडे आणि चोक सोडताच विझे. ओहोटी लागली होती. "फादर, आता वल्हीच," एवढेच तो म्हणाला.

पाव तासाच्या वाटेला एक तास लागला. आम्ही पोहोचलो तेव्हा माउलीची शुद्ध हरपली होती. आम्ही अभ्यंगसंस्कार दिला, परंतु जे बोलावयाचे म्हणून तिने आम्हांला बोलाविले होते ते बोलणे झाले नाही. रात्र होण्यापूर्वी ती प्रभूकडे गेली. परतताना नाखवा आमची क्षमा मागू लागला. तुझा दोष नाही, असे आम्ही त्यास सांगितले. पण त्याचे समाधान झाल्याचे दिसले नाही, आणि खरे म्हणजे आमचेही नव्हते.

दुसऱ्या दिवशी त्याने ते इंजिन आमच्यादेखत उघडले. त्याची रीत सरळ होती. प्रथम त्याने प्लग काढून पाहिला. प्लग ओला असेल तर पेट्रोल पोहोचते आहे, ठिणगी पडत नाही किंवा पेट्रोल अतिरिक्त होते आहे. प्लग कोरडा असेल तर पेट्रोलच पोहोचत नाही. येथे तो कोरडा निघाला. टाकीच्या झाकणावरील हवेचा स्क्रू उघडा होता (तो बंद राहिला तर टाकीत पोकळी निर्माण होऊन चांगले इंजिनही काही मिनिटांत बंद पडते), आणि नळीवरील रबरी फुगा दाबला की कडक होत होता. तेव्हा खोट कार्ब्युरेटरमध्ये. त्याची वाटी काढली तर तळाशी तपकिरी, चिकट राप. पावसाळ्यापूर्वीचे पेट्रोल चार महिने तेथेच राहून सुकले होते, आणि त्याचा कण जेटच्या छिद्रात बसला होता. ते छिद्र सुईच्या टोकाएवढे! आम्ही भाबडेपणाने तार सुचविली. नाखवा हसला. तारेने पितळेचे छिद्र मोठे होते आणि मग इंजिन जन्मभर जास्त पेट्रोल पिते. छिद्र हवेच्या झोताने फुंकावयाचे असते.

त्या जेटच्या वर कार्ब्युरेटरची नळी मध्येच अरुंद होते. त्या अरुंद भागाला वेंतुरी म्हणतात, हे नाखव्याला ठाऊक होते. वेंतुरी हे एका माणसाचे नाव आहे आणि तो माणूस धर्मगुरू होता, हे मात्र त्याला ठाऊक नव्हते. वाचकांपैकीही थोड्यांनाच ते ठाऊक असेल.

जोव्हान्नी बात्तिस्ता वेंतुरी यांचा जन्म १७४६ साली उत्तर इटलीतील बिब्ब्यानो येथे झाला. १७६९ मध्ये त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि रेज्यो येथील सेमिनरीत ते तर्कशास्त्र शिकवू लागले. पुढे मोदेना विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्यांचे गुरू लाझ्झारो स्पाल्लांझानी हेही धर्मगुरू व नामांकित शास्त्रज्ञ होते. वेंतुरी पॅरिसला गेले, तेथे लिओनार्दो दा विंची यांच्या हस्तलिखितांचा अभ्यास करून त्यांच्यातील वैज्ञानिक दृष्टी जगापुढे मांडणाऱ्यांत ते अग्रणी ठरले. त्याच वर्षी, म्हणजे १७९७ मध्ये, प्रवाही पदार्थांच्या गतीवर त्यांनी फ्रेंच भाषेत एक प्रबंध प्रसिद्ध केला. नळी अरुंद झाली की तेथे प्रवाहाचा वेग वाढतो व दाब घटतो, हे त्यांनी प्रयोगांनी दाखविले. त्यामागचे गणित बेर्नुली यांनी १७३८ मध्येच मांडले होते. वेंतुरी १८२२ साली वारले, तेव्हा पेट्रोल इंजिन कोणाच्या स्वप्नातही नव्हते. १८८० च्या दशकात क्लेमेन्स हर्शेल या अमेरिकन अभियंत्याने पाणी मोजण्याचे उपकरण तयार केले आणि कृतज्ञतेने त्या नळीस वेंतुरींचे नाव दिले. कार्ब्युरेटरमध्येही हेच तत्त्व आहे: इंजिन हवा ओढते, गळ्याशी दाब उतरतो, आणि वाटीतील पेट्रोल बाहेरच्या हवेच्या दाबाने जेटमधून वर चढून तुषारांच्या रूपाने हवेत मिसळते. तुषार उडविणारा असा कार्ब्युरेटर १८९३ च्या सुमारास जर्मनीत मायबाख यांनी आणि हंगेरीत बांकी व चोंका यांनी घडविला.

होडीच्या पाठीला इंजिन अडकविण्याची कल्पना अमेरिकेतील कॅमेरॉन वॉटरमन यांनी १९०५ च्या सुमारास प्रत्यक्षात आणली. तिचा प्रसार मात्र ओले एव्हिनरूड यांनी केला. हे मूळचे नॉर्वेचे, १८७७ चा जन्म, बालपणीच विस्कॉन्सिनला आलेले. एका उन्हाळी सहलीत बेस नावाच्या तरुणीसाठी सरोवर ओलांडून आईस्क्रीम आणताना ते वितळले आणि वल्ह्यांचा वीट आला, अशी कथा सांगतात. कथेचे काहीही असो, बेस पुढे त्यांची पत्नी झाली आणि व्यवहाराची व जाहिरातीची बाजू तिनेच सांभाळली. १९०९ मध्ये विक्रीस आलेले त्यांचे इंजिन दीड अश्वशक्तीचे, ६२ पौंड वजनाचे व ६२ डॉलर किमतीचे होते. ते सुरू करण्यास दोरी नव्हती. वरच्या चाकावरील लाकडी मूठ धरून चाक फिरवावे लागे, आणि इंजिन सुरू होताच तीच मूठ गरगर फिरून बोटे ठेचीत असे. इंजिन सुरू न होण्याचे दुःख आणि सुरू होण्याचे दुःख, अशी दोन्ही त्या पहिल्या गिऱ्हाइकांच्या वाट्याला होती! पत्नीच्या प्रकृतीसाठी ओलेंनी १९१४ साली कारखाना विकला, नंतर अॅल्युमिनियमचे हलके इंजिन घेऊन ते पुन्हा धंद्यात उतरले. १९३३ मध्ये बेस गेली आणि पुढच्याच वर्षी ओले.

ओलेंच्या मायदेशाचा आपल्या समुद्राशी संबंध आला तो निराळ्या मार्गाने. १९५२ साली संयुक्त राष्ट्रे, नॉर्वे व भारत यांच्यात करार झाला आणि केरळात कोल्लमजवळील नीन्दकरा परिसरात मच्छीमारीच्या आधुनिकीकरणाचा प्रकल्प उभा राहिला. हेतू गरीब मच्छीमारांना हात देण्याचा होता. प्रत्यक्षात यांत्रिक ट्रॉलर वाढले, कोळंबीची निर्यात वाढली, आणि वल्ही व शिडे यांवर जगणारा मच्छीमार मागे पडला. त्या किनाऱ्यावर, जेथे संत फ्रान्सिस झेवियर १५४४ साली पायी फिरले, यांतील फार मोठा वर्ग कॅथलिक आहे. त्यांच्या आंदोलनात धर्मगुरू व धर्मभगिनी उतरल्या. रिडेम्प्टरिस्ट संघाचे फादर थॉमस कोचेरी यांचे नाव त्यांत ठळक. त्या राष्ट्रीय चळवळीचे एक संस्थापक, गोव्याचे मातान्ही साल्ढाणा, आपल्या वाचकांना परिचित असतील. १९८८ मध्ये केरळात पावसाळी ट्रॉलिंगबंदी प्रथम लागू झाली. परंतु तोवर लहान होड्यांनीही स्पर्धेत टिकण्यासाठी आऊटबोर्ड इंजिने बसविली होती. प्रथम सात-आठ अश्वशक्तीची, मग पंचवीस, चाळीस, आणि त्यांच्याबरोबर वाढत जाणारे कर्ज.

शिवाय ही इंजिने चालविली गेली रॉकेलवर, कारण पेट्रोल परवडेना. रॉकेलची वाफ थंडीत सहज होत नाही, म्हणून इंजिन पेट्रोलवर सुरू करून तापल्यावर रॉकेलवर न्यावयाचे आणि किनारा जवळ आला की पुन्हा पेट्रोलवर आणावयाचे. थकून परतलेला माणूस हा शेवटचा टप्पा विसरला, तर कार्ब्युरेटरच्या वाटीत रात्रभर रॉकेल राहते आणि पहाटे दोरी ओढून हात दुखले तरी इंजिन जागे होत नाही. न जळलेल्या रॉकेलने प्लग काजळतात ते वेगळेच. सवलतीच्या रॉकेलचा कोटा गेल्या काही वर्षांत घटत गेल्यावर या लोकांचे हाल आणखी वाढले. तिरुअनंतपुरम येथे १९८० साली मच्छीमारांच्या सहकारी संघांचा जो महासंघ स्थापन झाला, त्याने होड्यांच्या बांधणीबरोबर इंजिनांच्या दुरुस्तीचेही काम हाती घेतले. आमच्या मते त्या किनाऱ्यावरील अनेक भाषणांपेक्षा ते काम मोलाचे ठरले.

एव्हिनरूड इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये कायमचे थांबले. नव्या इंजिनांतून कार्ब्युरेटरही जात चालला आहे. जेथे तो आहे तेथे नवी पंचाईत आहे, कारण २०२५ पर्यंत आपल्याकडील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांवर आले. इथेनॉल हवेतील ओल शोषून घेते व जुन्या रबरी नळ्या खराब करते. खाडीवरच्या दमट हवेत पेट्रोल साठवून ठेवणे म्हणूनच पूर्वीपेक्षाही धोक्याचे झाले आहे.

आमच्या नाखव्याने इंजिन बदललेले नाही. तेवढा पैसा त्याच्याकडे नाही. मात्र आता किनाऱ्याला लागण्यापूर्वी तो टाकीची नळी काढून टाकतो आणि वाटीतील शेवटचा थेंब जळेपर्यंत इंजिन तसेच चालू ठेवतो. सायंप्रार्थनेच्या सुमारास आमच्या खिडकीपर्यंत तो आवाज येतो. शेवटी तो थोडा चढतो, दोनदा अडखळतो आणि थांबतो, आणि मग वल्ह्यांचा आवाज ऐकू येतो.