पंतोजी, मुन्शीजी आणि साहेब

परक्या भाषेच्या शिक्षकास शिष्याने काय म्हणावे? आपल्याकडे बहुधा ती भाषाच आपले संबोधन बरोबर घेऊन आली. मोडी गिरवून घेणारे ते पंतोजी, संस्कृताचे शास्त्रीबुवा, फारसीचे मुन्शीजी. इंग्रजी आली ती मास्तरांना घेऊन. परंतु धार-देवाससारख्या माळव्यातील मराठी संस्थानांत शिक्षकच गोरा असला म्हणजे पेच पडे. तो गुरू खरा, पण राज्यकर्त्यांचा माणूस. तेव्हा तो ‘साहेब’. या अरबी शब्दाचा मूळ अर्थ सोबती. आपल्याकडे तो हुकमतीचा व्हावा, ही गंमतच म्हणावयाची!

देवास थोरल्या पातीचे तरुण राजे तिसरे तुकोजीराव पवार यांचे शिक्षक म्हणून १९०७ साली मॅल्कम डार्लिंग होते. नेमणूक सरकारी; जडला तो मात्र जन्माचा स्नेह. डार्लिंगांचेच मित्र, कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर, १९२१ मध्ये याच राजांचे खाजगी चिटणीस झाले. तेही एकेकाळी भाषाशिक्षकच. १९०६ मध्ये इंग्लंडात सय्यद रॉस मसूद या हिंदी तरुणास ते लॅटिन शिकवीत. पुढे १९२४ मध्ये ‘ए पॅसेज टु इंडिया’ ही कादंबरी त्यांनी या शिष्यासच अर्पण केली. त्या अर्पणपत्रिकेत गुरू-शिष्य कोठेच नाहीत. सतरा वर्षांची मैत्री आहे.