मुलांसकट चांदा

पुण्यात कुणी गाव विचारलं आणि मी "गोंडपिपरी" म्हटलं, की समोरच्याला फक्त "पिपरी" ऐकू येतं. "म्हणजे चिंचवडच्या बाजूचं?" नाही हो. चंद्रपूर जिल्ह्यातला, अगदी कोपऱ्यातला तालुका. तिथून थोडं दक्षिणपूर्वेला गेलं की वर्धा आणि वैनगंगा एकत्र येतात आणि प्राणहिता सुरू होते. पलीकडे तेलंगणा. असो. नावातच "गोंड" असलेल्या गावात आपण वाढलो, याचा अर्थ काय, हे यंदाच्या दिवाळीच्या सहलीचं प्लॅनिंग करताना मला नव्याने शोधावं लागतंय. म्हणून हा वीकेंडचा लेख.

ठरलं असं की चार दिवस गोंडपिपरीला आई-बाबांकडे राहायचं आणि एक पूर्ण दिवस मुलांना घेऊन चांदा बघायचा. (कागदावर चंद्रपूर. पण आमच्याकडे आजही बस चांद्यालाच जाते.) अंतर पन्नास-पंचावन्न किलोमीटर. मुलगी चौथीत, मुलगा पहिलीत, बायको सांगलीची. ही बातमी फोनवर ऐकून आमच्या शेजारच्या काकांनी विचारलं, "चांद्याले काय पाहासाठी जाता जी? वाघ पाहाले जा ना ताडोब्याले."

काकांचं बरोबर आहे. पुण्या-मुंबईहून लोक नागपूरला उतरतात, दीडेकशे किलोमीटर येतात, जिप्सीत बसतात, वाघाचा फोटो काढतात आणि परत जातात. आणि आम्हा आजूबाजूच्या गावकऱ्यांसाठी चांदा म्हणजे कलेक्टर ऑफिस, कोर्ट, दवाखाना आणि लग्नाचा बस्ता. जटपुरा गेटखालून शेकडो वेळा गेलेला माणूस मान वर करून त्या दरवाज्यावरचा प्राणी कधी बघत नाही. रोजचा रस्ता कोण बघतो?

पण मुलांना घेऊन जायचं तर "हे काय आहे?" या प्रश्नाचं उत्तर खिशात पाहिजे. तेव्हा आधी गोष्ट.

चांदा ही गोंड राजांची राजधानी. मध्य भारतात गोंडांची चार मोठी राज्यं होती. गढा-मंडला, देवगड, खेरला आणि चांदा. यातल्या गढा-मंडल्याची राणी दुर्गावती आपल्याला माहीत असते, कारण १५६४ साली ती अकबराच्या फौजेशी लढताना गेली. चांद्याचं घराणं त्यामानाने कुणाला फारसं ठाऊक नाही. त्यांची राजधानी आधी सिरपूर (आता तेलंगणात), मग वर्धेच्या काठी बल्लारपूर, आणि शेवटी चांदा. आमच्या भाषेत सांगायचं तर दोनदा मायग्रेशन.

दुसरं मायग्रेशन का झालं त्याची गोष्ट मुलांसाठी एक नंबर आहे. राजा खांडक्या बल्लाळशाह. अंगभर खांडकं, म्हणून हे नाव. शिकारीला गेला असता तहान लागली म्हणून झरपट नदीच्या कोरड्या पात्रातल्या एका खळग्यातलं पाणी प्यायला, तोंड धुतलं, आणि रोग बरा झाला. तिथे अंचलेश्वराचं देऊळ उभं राहिलं. पुढे याच भागात एकदा राजाच्या कुत्र्याने सशाचा पाठलाग करण्याऐवजी सशानेच कुत्र्याचा पाठलाग सुरू केला! ससा वेडावाकडा पळाला, गोल फिरला, शेवटी कुत्र्याने त्याला मारलं. राणी म्हणाली, ही जागा साधी नाही. ससा जिथून धावला तिथून कोट बांधा. आणि जिथे तो मेला ती जागा सांभाळा, शहराला धोका तिथूनच.

आता गंमत बघा. कुत्र्यावर चाल करून जाणारा ससा अहमदाबादच्या स्थापनेच्या गोष्टीतही आहे. विजयनगरच्याही आहे. म्हणजे कॉपी-पेस्ट? तसंच काहीसं, पण अर्थ घेऊन केलेलं. नवी राजधानी वसवणाऱ्या प्रत्येकाला लोकांना पटवावं लागतं की मी इथे उगाच आलो नाही, या मातीतच काहीतरी आहे, इथे दुबळासुद्धा बलवानाच्या अंगावर जातो. गोष्ट एकच, प्रत्येक ठिकाणी गरज तीच. मुलांना मात्र आधी ससा सांगायचा. अर्थ जेवणानंतर.

परंपरा खांडक्या बल्लाळशाहाला पंधराव्या शतकात ठेवते. कोट मात्र एका माणसाने एका दमात बांधलेला नाही, पिढ्यान्‌पिढ्या बांधत आणले. आज हा परकोट साधारण ११ किलोमीटर भरतो. चार दरवाजे: उत्तरेला जटपुरा, दक्षिणेला पठाणपुरा, पूर्वेला अंचलेश्वर, पश्चिमेला बिनबा. शिवाय पाच खिडक्या, म्हणजे छोटे दरवाजे. चोर खिडकी, मसण खिडकी अशी त्यांची नावं वाचूनच आमचा पहिलीवाला खूष आहे. दरवाज्यांवर हत्तीला खाली दाबून उभा असलेला सिंह कोरलाय, ती गोंड राजांची खूण. "किती सिंह सापडतात बघू" असा खेळ लावला की दोन तास निघतात. (स्वानुभव नाही, आशा आहे.)

तर आमचा मार्ग असा.

सकाळी लवकर निघून कोठारीवरून बल्लारपूर. कागद कारखान्याचं आणि रेल्वे जंक्शनचं गाव म्हणून सगळ्यांना माहीत, पण वर्धेच्या काठावर जुना किल्ला आहे. पहिला थांबा तिथे, कारण राजधानी तिथूनच चांद्याला आली. मग चांद्यात शिरायच्या आधी लालपेठ. इथे काळ्या दगडाच्या प्रचंड मूर्ती उघड्यावर आडव्या पडल्यात. सर्वांत मोठी साधारण २५ फुटांची, दहा तोंडांची. लोक तिला रावण म्हणतात, अभ्यासक दुर्गा म्हणतात. एका श्रीमंत व्यापाऱ्याने मोठ्या देवळासाठी घडवून घेतल्या आणि देऊळ होण्याआधीच तो वारला, अशी हकीकत सांगतात. प्रोजेक्टचा स्पॉन्सर गेला आणि प्रोजेक्ट तसाच राहिला, हे दृश्य आपल्यापैकी किती जणांनी बघितलंय! फरक एवढाच की आपला कोड कुणी पूजत नाही. इथे मूर्तींना शेंदूर लागतो.

त्यानंतर अंचलेश्वर दरवाजा, गोंड राजांच्या समाध्या आणि महाकालीचं देऊळ. सगळं जवळजवळ आहे. इथे मुलीला मी राणी हिराईची गोष्ट सांगणार आहे. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला तिचा नवरा, राजा बीरशाह, त्याच्याच हिरामण नावाच्या माणसाकडून मारला गेला. हिराईने मुलगा दत्तक घेतला, राज्य सांभाळलं, नवऱ्याची देखणी दगडी समाधी बांधली आणि महाकालीचं देऊळही. बायकोसाठी नवऱ्याने बांधलेला ताजमहाल जगाला पाठ आहे. नवऱ्यासाठी बायकोने बांधलेल्या वास्तूही आपल्याकडे आहेत, पाटणची राणी की वाव, दिल्लीतला हुमायूनचा मकबरा, आणि ही चांद्याची समाधी. चैत्रात महाकालीच्या यात्रेला मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसं येतात. त्यांतल्या किती जणांना हिराई माहीत असेल कोण जाणे, पण तिने बांधलेल्या देवळात ती येतात, हे काही कमी नाही.

आणि इथपर्यंत सगळं छान चाललेलं असताना, मागच्या रविवारी मी टेबलावर नकाशा पसरून हे सगळं घरात सांगत होतो, तेव्हा मुलीने विचारलं, "मग हे राजे कुठे गेले? इंग्रजांनी हरवलं?"

नाही. इंग्रज नंतर आले. गोंडांचं राज्य घेतलं ते नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी. १७५१ च्या सुमारास. शेवटचा राजा नीलकंठशाह, त्याला कैद करून बल्लारपूरच्या किल्ल्यात ठेवलं. म्हणजे घराणं जिथून निघालं तिथेच आणून बंद केलं.

मुलगी गप्प. चौथीचं वर्ष म्हणजे शिवरायांचं वर्ष. भगवा दिसला की ती आपली बाजू, इतकं साधं गणित. मग म्हणाली, "पण मराठे तर आपण ना?"

बायकोने माझ्याकडे बघितलं, मी नकाशाकडे. या प्रश्नाला टाळाटाळीची उत्तरं भरपूर आहेत. "तेव्हा असंच असायचं." "ते भोसले वेगळे." वेगळे होतेच, पण त्याने प्रश्न सुटत नाही. शेवटी मी तिला म्हटलं, हो, ते आपण. आणि गोंडपिपरीची माणसं, तिथली शेतं, तळी, हेही आपण. आपण एका गोष्टीत जिंकलेले असतो आणि दुसऱ्या गोष्टीत हरवणारे. शिवरायांच्या वेळी मोठी सत्ता दारात आली तेव्हा छोट्या राज्याचं काय होतं ते तू वाचलंस. इथे मोठी सत्ता मराठ्यांची होती. तिला पटलं का? माहीत नाही. पण ती पुन्हा नकाशावर बोट ठेवून बल्लारपूर शोधत होती.

पुढचा भाग मग सोपा जातो, कारण पुढे खलनायक नेहमीचाच. मे १८१८ मध्ये इंग्रजांनी चांद्याला वेढा घातला, तोफांनी तट फोडला आणि शहर घेतलं. किल्लेदार गंगासिंग लढताना पडला. १८५४ मध्ये नागपूरचं राज्य खालसा झालं आणि चांदा थेट कंपनीकडे गेला. आणि चारच वर्षांत, १८५८ मध्ये, आमच्याच बाजूच्या जंगलात उठाव झाला.

बाबुराव पुल्लेश्वर शेडमाके. जन्म १२ मार्च १८३३, अहेरी भागातलं किष्टापूर. गोंड जमीनदाराचा मुलगा. त्याने "जंगोम दल" उभं केलं, इंग्रजांच्या तुकड्यांशी लढाया केल्या. २९ एप्रिल १८५८ ला प्राणहितेच्या काठी चिंचगुडीला तार खात्याच्या छावणीवर हल्ला झाला, दोन इंग्रज मारले गेले. कॅप्टन क्रिक्टन हा चांद्याचा डेप्युटी कमिशनर. त्याने फौजेबरोबर दबावाचं हत्यार वापरलं, आणि अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाईने बाबुरावाला पकडून दिलं. इथे मुलीचा गोंधळ ठरलेला: "लक्ष्मीबाई? झाशीची?" नाही बाळा. त्याच वर्षी एक लक्ष्मीबाई लढत होती आणि दुसऱ्या लक्ष्मीबाईला जमीनदारी वाचवायची होती. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात पिंपळाच्या झाडाला बाबुरावाला फाशी दिलं. वय २५. आमच्या ऑफिसात या वयाची पोरं पहिलं प्रमोशन कधी मिळणार म्हणून रुसलेली असतात.

दरवर्षी २१ ऑक्टोबरला त्याला तिथे आदरांजली वाहतात. आम्ही पोहोचू तेव्हा तो दिवस होऊन गेलेला असेल आणि तुरुंग काही पिकनिक स्पॉट नाही. बाहेरूनच नमस्कार करू. काही ठिकाणी आत जाता येत नाही, हेही मुलांना कळायला हवं.

शेवटी जटपुरा गेट आणि कोटाचा एखादा तुकडा चालायचा. इथे एक चांगली गोष्ट सांगण्यासारखी आहे. वर्षानुवर्षं कोटावर झाडोरा आणि कचरा साचला होता. २०१७ पासून इको-प्रो या चंद्रपूरच्याच संस्थेच्या स्वयंसेवकांनी श्रमदानाने तो साफ करायला घेतला. सलग शेकडो दिवस, रोज सकाळी. आज त्यावरून चालता येतं ते त्यांच्यामुळे.

ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी. एप्रिल-मे मध्ये मुलांना घेऊन अजिबात जाऊ नका, पारा ४५ च्या वर जातो आणि काळा दगड तव्यासारखा तापतो. दिवाळी ते फेब्रुवारी उत्तम. एका दिवसात सगळं कोंबू नका. भद्रावतीच्या विजासन लेण्या आणि वैनगंगेकाठचं मार्कंडा वेगळ्या दिवसासाठी ठेवा. वाघ बघायचाय? जरूर बघा, ताडोबा शहरापासून लांब नाही. पण पहाटेची जिप्सी घेतली, तर दुपार रिकामीच असते. तेवढ्यात दोन दरवाजे आणि एक समाधी सहज होते.

आणि जाताना टुकुम नावाच्या वस्तीवरून गेलात तर थोडं थांबा. गोंडांच्या राज्यात जो स्वतः तलाव बांधेल त्याला त्याखालची जमीन देत असत, त्या देणगीचा हा शब्द. या दोन जिल्ह्यांत आज इतकी तळी दिसतात, इतका धान पिकतो, त्यामागे राजाची ही साधी ऑफर आहे: पाणी तू साठव, जमीन मी देतो. राज्य जाऊन पावणेतीनशे वर्षं होत आली. तळी अजून भरतात.